रोबक्सचे त्रैराशिक

आमच्या घरातली मुले हल्ली रुपयांपेक्षा ‘रोबक्स’मध्येच जास्त बोलतात. रोब्लॉक्स या संगणकीय खेळांच्या दुनियेतले हे चलन. खेळातली टोपी 80 रोबक्सना; मग ती स्वस्त की महाग? मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच मांडला.

2024च्या सुरुवातीला अमेरिकेत 400 रोबक्सना 4.99 डॉलर पडत. म्हणजे एक रोबक्स सुमारे सव्वा सेंटाचा आणि टोपी एका डॉलरची. आता उलटा हिशेब पाहा. स्वतः खेळ रचून रोबक्स कमावणाऱ्याला कंपनी तेव्हा एका रोबक्समागे 0.35 सेंट देई, तेही किमान 30,000 साठल्यावर. विकत घेतलेल्या रोबक्सचे तर पुन्हा पैसे करताच येत नाहीत. जत्रेतल्या पाळण्याचे तिकीटच ते! त्यावर पाळण्यात बसता येते, दूध-भाजी आणता येत नाही.

खेळण्यावर पैसे खर्चू नयेत असे नाही. पण 80 या आकड्यामागचे रुपये मुलांना दिसत नाहीत, आणि हात सैल सुटतो तो तिथेच. म्हणून खरेदीपूर्वी मुलांनाच विचारावे : 400 रोबक्सना इतके रुपये, तर 80ना किती? रागावण्यापेक्षा हे त्रैराशिक बरे.