काडतुसाचे तोंड कसे मिटले आहे?

नेमबाजीच्या क्षेत्रात पनवेलचे नाव घेतले जाते ते सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबमुळे. मात्र एअर रायफलला काडतूस लागत नाही. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा निव्वळ हवेच्या दाबाने सुटतो. काडतुसाशी संबंध येतो तो शहराबाहेर, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या आणि बहुधा आजोबांकडून नातवाकडे आलेल्या बारा बोअरच्या बंदुकीच्या निमित्ताने. अशी बंदूक बाळगणाऱ्याने काडतुसाच्या तोंडाकडे नीट पाहणे अगत्याचे आहे.

छर्ऱ्याच्या काडतुसाची रचना तशी साधी. तळाशी धातूचे बूड व त्यात ठिणगी देणारी टोपी, वर दारू, तिच्यावर डाट आणि डाटावर छर्रे. हा सारा ऐवज कागदाच्या वा प्लॅस्टिकच्या नळीत बसतो. प्रश्न उरतो तो नळीचे उघडे टोक मिटवण्याचा. जुन्या पद्धतीत छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवून नळीची कड आतल्या बाजूस गोल वळवीत. छर्ऱ्यांचा क्रमांक बहुधा त्या चकतीवरच छापलेला असे. ही सोय काही लहान नव्हती. दुसऱ्या पद्धतीत चकतीच नाही. नळीच्या टोकाला सहा किंवा आठ घड्या घालून त्या मध्यभागी आणतात. उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या वर जुळवण्याऐवजी आत दाबून सपाट केल्या, तर जे दिसेल तेच हे. तिला आपण चांदणी म्हणू.

चांदणीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते ते असे, की चकती छर्ऱ्यांच्या वाटेत येते आणि त्यांच्या फैलावात मोकळ्या जागा राहतात. ट्रॅप आणि स्कीटच्या स्पर्धांत आज चांदणीचेच राज्य आहे. वळवलेली कड मुख्यतः एकसंध गोळीच्या काडतुसांत टिकून आहे. कोकणच्या पावसाळ्यात मात्र दोघींची परीक्षा होते. दमट हवेत कागदी नळी फुगून बंद सैल होतो आणि चांदणीच्या मध्याशी बारीक भोक राहिले असेल, तर ओल थेट आत जाते.

तोंड मिटवणे म्हणजे केवळ झाकण लावणे नव्हे. दारू पेटल्यावर हा बंद क्षणभर अडसर धरतो, त्यामुळे ती नीट जळते. बंद सैल असेल तर दारू अर्धवट जळते. फार घट्ट असेल तर दाब वाढतो. म्हणूनच अमेरिकेतील हौशी नेमबाज रिकामी काडतुसे पुन्हा भरताना सहा घड्यांची नळी सहाच घड्यांत मिटवतात आणि घड्या चिरल्या की ती टाकून देतात. आपल्याकडे ही हौस घरच्या घरी भागवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याच्या निर्मितीला परवाना लागतो.

तयार काडतूस विकत घेणाऱ्यालाही एक धोका उरतोच, आणि तो लांबीचा आहे. काडतुसावर छापलेली लांबी असते ती बार उडाल्यानंतर उलगडलेल्या नळीची. चांदणीच्या घड्यांत नळीचा सुमारे १२ मिलिमीटर भाग खर्ची पडतो, वळवलेल्या कडेत त्याच्या निम्माच. त्यामुळे ७० मिलिमीटरचे चांदणीचे काडतूस आणि ६५ मिलिमीटरचे वळवलेल्या कडेचे काडतूस न उडवता शेजारी ठेवले, तर उंचीला जवळपास सारखेच दिसतात. जुन्या इंग्लिश बंदुकांपैकी पुष्कळांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे आहे. त्यात सत्तरचे काडतूस विनासायास सरकते, बंदूक बिनतक्रार मिटते. बार उडताच मात्र घड्या उलगडून नळीचे तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट आकसते आणि दाब वाढतो. आजोबांच्या हयातीत कधी न कुरकुरलेली बंदूक नव्या काडतुसाने दगा देण्याचे हे एक कारण असू शकते.

अशा बंदुकीचा पुढचा लाकडी भाग काढल्यावर नळीवर तपासणीच्या खुणा दिसतात. त्यांत चेंबरची लांबी पुष्कळदा कोरलेली असते. ती पुसट झाली असेल, किंवा मधल्या काळात कोणी चेंबर वाढवून घेतले असेल, तर परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडून मोजून घ्यावी आणि तोवर बंदूक रिकामीच ठेवावी.