ब्रेकचा तांबडा दिवा

मोटारीचे पुढचे दिवे चालकाला वाट दाखवितात. ब्रेकचा तांबडा दिवा मात्र मागून येणाऱ्यासाठीच असतो. चालकाला तो दिसत नाही, म्हणून तो विझल्याचेही ध्यानी येत नाही. बडोदे ते अहमदाबाद या सुमारे ९३ किलोमीटरांच्या द्रुतगती मार्गावर अशी गाफिली प्राणघातक ठरू शकते.

साधा बल्ब तार तापल्यावर उजळतो. १८९८ साली रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांनी शोधलेल्या निऑन वायूची नळी त्याहून सुमारे एक पंचमांश सेकंद आधी पेटते. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या अवधीत ४ मीटरांहून अधिक अंतर तोडते! म्हणूनच काही मोटारींत निऑनचा दिवा आला. आजचे एलईडी दिवेही तितकेच तत्पर आहेत.

घरी तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागून पाहावे. सर्वच दिवे बंद असल्यास फ्यूज वा ब्रेकचा स्विच तपासावा. एकच बंद असल्यास बल्ब बदलावा, खोबणीतील गंज पुसावा. निऑनची नळी मात्र घरी उघडू नये. तिला बॅटरीच्या १२ व्होल्टांहून कितीतरी पट अधिक दाबाची वीज लागते. ते काम जाणत्या कारागिराचे.

मोटारीत संत ख्रिस्तोफरचे पदक लावणे उचितच. परंतु मागच्या अनोळखी प्रवाशाच्या जिवाची काळजी वाहणे, हीदेखील शेजारप्रीतीच होय. तेव्हा वाचकहो, प्रवासाला निघताना प्रार्थना करावी आणि मागचा दिवाही पाहावा.