कारखाना बंद पडला, आता उधारीचे काय?

पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना 2008 साली सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबविले व फक्त निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबले. एप्रिल 2021 मध्ये 1419 कामगारांना कपातीच्या नोटिसा मिळाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. कारखाना पुढे ह्युंदाईने विकत घेतला.

नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांचा याच्याशी काय संबंध? आपल्याकडची अनेक मुले पुण्याच्या कारखान्यांत आहेत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून येथील किराणा व कापड दुकानांची उधारी फिटते. नांदेडकरांनी तर उस्मानशाही मिल बंद पडलेली स्वतः पाहिली आहे.

कपातीत कामगाराला कायद्याचा काही आधार असतो. प्रत्येक पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो; ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी वेगळा. पूर्वी 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ही मर्यादा 300 वर गेली. म्हणजे लहान कारखान्यांतील कामगाराचा आधार कमी झाला.

मात्र कारखान्याला सुटे भाग करून देणाऱ्या लेथवाल्याला, वेल्डरला भरपाई नाही. त्याच्या हाती फक्त बिल असते. त्यासाठी 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच केलेली असावी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही; त्याने उधारी देतानाच हात आखडता घ्यावा.

तेव्हा कारागिरांनी तोंडी ऑर्डरीवर काम करू नये. चलनावर सही-शिक्का घ्यावा, बिलाची तारीख वहीत टिपावी. मुख्य म्हणजे सगळे काम एकाच गिऱ्हाइकाचे धरू नये. ते गिऱ्हाईक बुडाले तर वर्कशॉपही बुडते.