नांदेड व लातूर जिल्ह्यांतील किरकोळ व्यापार आणि वितरणाचा अखेरचा टप्पा

प्रस्तावना :
वस्तू ग्राहकाच्या हाती पडल्याशिवाय किरकोळ विक्रीचा व्यवहार पूर्ण होत नाही. पूर्वी दुकान ते घर हा अखेरचा टप्पा बहुधा ग्राहक स्वतःच पार करीत असे. ऑनलाईन विक्रीने ही जबाबदारी विक्रेत्याकडे सोपविली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी'ची सोय सुरू केली. ॲमेझॉनने भारतीय ग्राहकांसाठी २०१३ मध्ये विक्री सुरू केली. या स्पर्धेमुळे स्थानिक दुकानदारही फोन, व्हॉट्सॲप व संकेतस्थळांवरून मागणी स्वीकारू लागले. दुकानात आणि ऑनलाईन अशी दुहेरी विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा टिकणे अखेरच्या टप्प्याच्या खर्चावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या खर्चाचे स्वरूप नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

खर्चाचे स्वरूप :
गोदामापासून शहरापर्यंत एका ट्रकमधून शेकडो पार्सले येतात व भाडे सर्वांवर विभागले जाते. शहरापासून घरापर्यंत मात्र एक दुचाकी, एक कर्मचारी आणि एक दार असा हिशेब असतो. हा खर्च तीन गोष्टींवर ठरतो : दोन घरांमधील अंतर, पत्त्याची अचूकता आणि ग्राहकाची उपस्थिती. उदाहरणार्थ, कर्मचाऱ्याचा मोबदला व पेट्रोल मिळून दिवसाचा खर्च ९०० रुपये आहे असे गृहीत धरू. शहरात ६० पार्सले पोचल्यास प्रत्येकी १५ रुपये पडतात. विखुरलेल्या गावांत २० पार्सले नेता आली तर प्रत्येकी ४५ रुपये पडतात. त्यांपैकी ५ पार्सले परत आली तर हाच खर्च ६० रुपयांवर जातो. परतीची वाहतूक यात धरलेली नाही. लहान किमतीच्या वस्तूवरील सारा नफा येथेच संपतो.

भौगोलिक वास्तव :
२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ व लातूरची २४,५४,१९६ होती. दोन्ही जिल्ह्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहत होते. नांदेडमध्ये १६ व लातूरमध्ये १० तालुके आहेत. राष्ट्रीय महामार्ग ३६१ नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर व औसा यांना जोडतो. त्यामुळे या पट्ट्यात माल सहज पोचतो. याउलट किनवट व माहूर हे डोंगराळ तालुके नांदेड शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहेत. मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या वाड्या व तांडे तेथे वितरणाची कसोटी पाहतात.

पत्त्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. १९७२ मध्ये सुरू झालेला सहा अंकी पिनकोड वितरण करणारे टपाल कार्यालय दर्शवितो, घर नव्हे. एका पिनकोडाखाली अनेक गावे असू शकतात. 'मारुती मंदिराजवळ' हा पत्ता गावच्या पोस्टमनला पुरतो, परंतु नवख्या कर्मचाऱ्याला चार फोन करावे लागतात. टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षर-अंकी 'डिजिपिन' सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दर्शवितो. तो प्रचारात आल्यास ही अडचण कमी होईल.

शहरातील स्थिती वेगळी आहे. लातूरमध्ये शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावचे असंख्य विद्यार्थी राहतात. एका वसतिगृहाच्या फाटकावर अनेक पार्सले देता येत असल्याने खर्च घटतो. मात्र दरवर्षी राहणारे बदलतात आणि वर्गाच्या वेळेत फोन उचलले जात नाहीत. गंजगोलाईसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत अंतर कमी असूनही वाहन उभे करण्यातच वेळ जातो.

दुकान हेच वितरण केंद्र :
दुहेरी विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याजवळ केवळ ऑनलाईन विक्रेत्याजवळ नसलेले एक साधन असते, ते म्हणजे दुकान. ॲमेझॉनने २०१५ मध्ये 'आय हॅव स्पेस' योजनेद्वारे परिसरातील दुकानदारांकडे पार्सले सोपविली, ती याच कारणाने. मराठवाड्यात ही रीत अपरिचित नाही. एस.टी.ने पार्सल पाठविणे किंवा आठवडी बाजाराला आलेल्या गावकऱ्याबरोबर माल देणे हे त्याचेच जुने रूप होय. उदगीर, देगलूर वा किनवट येथील दुकानात पार्सल ठेवून ग्राहकाने ते बाजाराच्या दिवशी नेल्यास फेरी वाया जात नाही. कपडे व पादत्राणे तेथेच घालून पाहता येतात, बदलून मिळतात आणि परतीचा खर्च वाचतो.

यासाठी साठ्याची नोंद एकच असावी लागते. दुकानातील शेवटचा नग गल्ल्यावर विकला गेला व तोच ऑनलाईन 'उपलब्ध' दिसत राहिला, तर ग्राहकाचा विश्वास गमावला जातो.

मर्यादा :
दुकानातून उचल या पद्धतीत अखेरच्या टप्प्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो ग्राहकाच्या नेहमीच्या फेरीत मिसळतो. वृद्ध, अपंग व आजारी ग्राहकांना हा पर्याय पुरेसा नाही; त्यांच्यासाठी घरपोच सेवा आवश्यकच आहे. दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. यशस्वी पार्सलामागे मोबदला ठरलेला असल्यास वाया गेलेल्या फेरीचे पेट्रोल कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने गिग व प्लॅटफॉर्म कामगारांना कायदेशीर ओळख दिली आहे. तथापि, त्यामुळे वाया गेलेल्या फेरीच्या भरपाईचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

निष्कर्ष :
१. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात वितरणाच्या वेगापेक्षा पहिल्याच फेरीत पार्सल पोचणे अधिक महत्त्वाचे आहे.
२. शहरात घरपोच सेवा व तालुक्याच्या ठिकाणी दुकानातून उचल अशी संमिश्र पद्धत स्थानिक व्यापाऱ्यास परवडणारी ठरते.
३. वाया गेलेल्या फेरीचा खर्च कोणी सोसावा, हे व्यापाऱ्याने आधीच ठरविणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास तो सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे पार्सल पोचविणाऱ्यावर पडतो.