बोनस मार्चमध्ये, पोटगीत फरक सप्टेंबरमध्ये



मार्च-एप्रिलमध्ये इथल्या बऱ्याच कंपन्यांत बोनस होतो. मग रविवारच्या मदत कक्षात एखादी ताई विचारते, "त्यांना एवढा बोनस मिळाला, मुलीची पोटगी का वाढली नाही?" वर्षभराने एखादे दादा विचारतात, "यंदा बोनस मिळालाच नाही, तरी पोटगी वाढलेलीच कशी?" दोघांनाही वाटते की समोरचा काहीतरी लपवतो आहे. पुष्कळदा कोणीच काही लपवलेले नसते, हिशेबाची पद्धतच तशी असते. मी नोकरीने पेरोलचे काम करतो, म्हणून ती सोपी करून सांगतो.

ब्रिटनमध्ये चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस पोटगी ठरवते ती सहसा एचएमआरसीकडील मागच्या करवर्षाच्या उत्पन्नावरून. करवर्ष 5 एप्रिलला संपते. पगार, ओव्हरटाइम, कमिशन आणि बोनस हे सगळे त्यात येते. पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा होते. उरलेल्या रकमेची आठवड्याची सरासरी काढतात. आठवड्याला 200 ते 800 पौंड उत्पन्न असेल, तर एका मुलासाठी 12 टक्के, दोघांसाठी 16 आणि तीन किंवा जास्त मुलांसाठी 19 टक्के. 800 च्या वरच्या भागावर, 3,000 पौंडांपर्यंत, हेच दर 9, 12 आणि 15 टक्के होतात.

एक उदाहरण घेऊ. वडिलांचा पगार वर्षाला 36,400 पौंड, म्हणजे आठवड्याला 700. मूल एक, ते पूर्णवेळ आईकडे. पोटगी 84 पौंड. मार्च 2025 मध्ये 7,800 पौंड बोनस मिळाला. तो 52 आठवड्यांत वाटला की आठवड्याला 150, म्हणजे उत्पन्न 850. आता 800 चे 12 टक्के 96 पौंड, वरच्या 50 चे 9 टक्के साडेचार. एकूण 100.50 पौंड.

पण ही वाढ लगेच होत नाही. चालू उत्पन्न हिशेबातल्या उत्पन्नापेक्षा किमान 25 टक्क्यांनी बदलले, तरच साधारणपणे मध्येच नवा हिशेब होतो. 700 चे 850 म्हणजे सुमारे 21 टक्के. म्हणून वार्षिक फेरआढाव्याची वाट पाहावी लागते. तो सप्टेंबरात असेल, तर मार्चचा बोनस सप्टेंबरपासून लागू होतो आणि पुढचे वर्षभर राहतो. मार्च 2026 मध्ये बोनस मिळाला नाही, तरी 850 वरून 700 ही घट 18 टक्क्यांहून कमीच. त्यामुळे सप्टेंबर 2026 पर्यंत 100.50 पौंडच द्यावे लागतात.

यावरून दोघांनाही सांगणे आहे. दादा, बोनस हातात आला की पुढच्या वाढीचे पैसे आधी बाजूला काढा. वरच्या उदाहरणात ते वर्षाला 858 पौंड होतात. बोनस वाचवण्यासाठी तो सगळा पेन्शनकडे वळवू नका. उत्पन्न मुद्दाम दुसरीकडे वळवल्याच्या कारणावरून दुसरा पालक फेरबदलाचा अर्ज करू शकतो. ताई, या वाढीव रकमेवर शाळेच्या सहलीचे किंवा क्लासचे कायमचे गणित बसवू नका. पुढच्या फेरआढाव्यात ती कमी होऊ शकते.

मूल वर्षात 52 किंवा अधिक रात्री वडिलांकडे राहत असेल, किंवा त्यांच्या घरी दुसरी मुले असतील, तर रक्कम घटते. निर्णय चुकीचा वाटला, तर पत्रावरील तारखेपासून 30 दिवसांत फेरविचार मागता येतो. पत्र आले की कोणत्या करवर्षाचे उत्पन्न धरले आहे ते आधी पाहा आणि त्याच वर्षाच्या पी-60 शी ताडून घ्या.

दोघांचे बोलणे होत असेल, तर बोनसचा ठरावीक हिस्सा त्याच महिन्यात मुलासाठी द्यायचा, असे आपसांत लिहून ठरवता येते. कायद्याची त्याला आडकाठी नाही. मुलाचे बूट मार्चमध्येच लहान झाले, तर ते सप्टेंबरपर्यंत थांबत नाहीत.

कागद समजत नसेल, तर तो घेऊन मदत कक्षात या. एकटे या, सोबत कोणाला आणा, काहीच हरकत नाही. आपले बोलणे आपल्यातच राहील.