पत्र आले, पण दारातच अडले!

ईमेल पाठवला म्हणजे तो पोचलाच असे नाही. मोठ्या ईमेल कंपन्या घाऊक पत्रांची पारख कशी करतात आणि त्यात आपला हात किती असतो, हे प्रत्येक घरात माहीत हवे.

गेल्या कार्तिकात ओळखीच्या एक पुणेकर बाई मुलाला घेऊन वाराणसीला पोचल्या. बरोबर पतीच्या अस्थी होत्या. यात्रीनिवासात खोली राखून ठेवलेली होती, पण दारातच उत्तर मिळाले, "तुमची खोली दुसऱ्यांना दिली. येणार का, म्हणून तीनदा ईमेल केला. तुमचं उत्तरच नाही!"

मुलाने मोबाइल उघडला. तिन्ही पत्रे आली होती, पण 'स्पॅम'च्या कप्प्यात पडून होती.

कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदीपावली असते. घाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे खोली कुठली मिळणार? शेवटी दुर्गा घाटाजवळ राहणारे त्यांचे तीर्थोपाध्याय धावून आले. "गाव कोणतं? आजोबांचं नाव काय?" गुरुजींनी विचारले आणि जुनी वही काढली. आजोबांची सही सापडली, तसे घराचे दार उघडले.

गंमत अशी, की ती तीन पत्रे अडली होती तीसुद्धा अशाच चौकशीत!

ओळख पटवा, मगच आत या

ईमेलची पद्धत निघाली तेव्हा ती वापरणारे मोजके आणि एकमेकांच्या माहितीतले होते. त्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच तिच्यात नव्हती. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने 'अर्पानेट'वरील सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली. नको असलेल्या घाऊक पत्रांची सुरुवात तीच मानतात. पुढे १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल आले, ईमेल फुकट मिळू लागला आणि फुकट्या जाहिरातींनाही रान मोकळे झाले.

आता कंपन्यांनी दारावर पहारा बसवला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे धाडणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. पहिली 'एसपीएफ', म्हणजे आपली पत्रे कोणत्या यंत्रांवरून निघतात याची जाहीर नोंद. दुसरी 'डीकेआयएम', म्हणजे पत्रावरची न दिसणारी मोहोर. वाटेत कोणी मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरी 'डीमार्क', म्हणजे पत्राची ओळख पटली नाही तर त्याचे काय करायचे, याची सूचना. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलसाठी असाच नियम लावला.

छोट्या संस्थांचीही सुटका नाही. पहिल्या दोनपैकी एक तरी ओळख जीमेल सर्वांकडे मागते. आपल्या यात्रीनिवासाने कोणतीच नोंद केलेली नव्हती आणि एकच मजकूर शेकडो यात्रेकरूंना धाडला होता. मग पहारेकऱ्याला संशय येणार नाही तर काय?

बटण तुमच्या हातात

पण केवळ ओळख पटून भागत नाही, वागणूकही पाहिली जाते. हजार पत्रांमागे 'स्पॅम' म्हणून होणाऱ्या तक्रारी एकाहून कमी असाव्यात आणि तीनपर्यंत तर कधीच जाऊ नयेत, असे गूगल सांगते. म्हणजे आपण कंटाळून दाबलेले बटण हे एक मत असते! साडीच्या दुकानाची पत्रे आपणच मागवतो आणि नको झाली की 'स्पॅम' म्हणतो. अशी मते साठली, की त्या दुकानाने दुसऱ्या कोणाला पाठवलेली पावतीही अडू शकते.

म्हणून एवढे कराच:

• ओळखीच्या संस्थेची जाहिरात नको असेल तर 'अनसबस्क्राइब' करा. घाऊक जाहिरातदाराने एका टिचकीची ही सोय द्यावी आणि दोन दिवसांत नाव काढावे, असा नियमच आहे.

• अनोळखी, फसव्या पत्राला खुशाल 'स्पॅम' म्हणा. त्यातील दुव्याला मात्र हात लावू नका.

• मुलांचे प्रवेश, नोकरीची मुलाखत, प्रवासाचे आरक्षण अशा दिवसांत स्पॅमचा कप्पा रोज पाहा. जीमेल तिथली पत्रे ३० दिवसांनी पुसून टाकते. कामाचे पत्र दिसले तर 'नॉट स्पॅम' करा आणि तो पत्ता जपून ठेवा.

• मंडळ किंवा संस्था चालवत असाल तर संकेतस्थळ करणाऱ्याला वरच्या तीन नोंदी विचारा. पत्त्यांच्या विकतच्या याद्या घेऊ नका.

आणि निकडीच्या कामाला एक फोन कराच. अस्थिविसर्जन आटोपून मायलेक निघाले, तेव्हा गुरुजींनी वहीत मुलाची सही घेतली आणि सहीखाली त्याचा फोन नंबरही लिहून घेतला.