जनुक बदललेलं अन्न : खावं की खाऊ नये?



कुसगावच्या गट-बैठकीत लागणीच्या नोंदीचं बोलणं संपलं आणि चहाच्या वेळी एका सभासदाने विषय काढला. "बीटी वांगं, बीटी भात असं काहीबाही कानावर येतं. उद्या बीटी ऊस आला तर कारखाना तो घेणार का? आणि त्याची साखर आपल्याच पोरांना द्यायची का?" प्रश्न रास्त आहे. 'हो' किंवा 'नाही' एवढ्या एका शब्दात त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून या अंकात आम्ही तो जरा सविस्तर मांडत आहोत.

सुरुवात आपल्या मावळापासूनच करू. आज ज्या इंद्रायणी भाताचा आपण अभिमान बाळगतो, तो काही पूर्वजांपासून चालत आलेला वाण नव्हे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर करून तो तयार केला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. आंबेमोहोराला वास होता, पण तो उंच वाढून लोळायचा. आयआर-८ हा फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा बुटका, भरघोस उताऱ्याचा वाण. दोघांचे गुण एकत्र आले.

उसाचंही तसंच. १९१८ साली कोइमतूरच्या केंद्रातून बाहेर पडलेला को २०५ हा गोड ऊस आणि त्याच्याच जातकुळीतलं एक रानगवत यांच्या संकरातून झाला. आपल्या रानातला को ८६०३२ घ्या नाही तर फुले २६५, सगळ्यांच्या अंगात त्या रानगवताचं रक्त आहे. म्हणजे माणसाने वाणात ढवळाढवळ केली हे काही आज घडलेलं नाही.

मग नवं काय? संकरात एकाच जातकुळीतले नर-मादी एकत्र येतात आणि हजारो गुणांची सरमिसळ होते. त्यातून बरं ते निवडायला वर्षानुवर्षं जातात. जनुक म्हणजे सजीवाच्या अंगातला एकेका गुणाचा हुकूम. जनुक-बदलात प्रयोगशाळेत असा एखादाच हुकूम उचलून पिकात घालतात आणि तो अगदी परक्या जिवाचाही असू शकतो. बीटी हे त्याचं उदाहरण. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा हुकूम कपाशीत घातला. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. बोंडअळीच्या आतड्यात ते विषासारखं काम करतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नसते, म्हणून ते आपल्याला बाधत नाही.

आता कुणी म्हणेल, "मग झालं तर, भीती कसली?" तसंही नाही. एका सोयाबीनमध्ये ब्राझील नट नावाच्या कठीण कवचाच्या फळाचा हुकूम घातला होता. ज्यांना ते फळ सोसत नाही त्यांना हे सोयाबीनही सोसणार नाही, असं तपासणीत दिसून आलं आणि ते बाजारात आलंच नाही. ती तपासणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. यातून बोध असा की धोका 'जनुक-बदल' या शब्दात नसतो, कोणता हुकूम कशात घातला यात असतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते : सगळ्यांना एका मापाने मोजू नका, प्रत्येक वाण वेगळा तपासा.

दुसरी गोष्ट, आपण यापासून लांब आहोत हा समज खरा नाही. देशातली ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. तिची सरकी-पेंड आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या पाटीत असते आणि सरकीचं तेल खाद्यतेल म्हणून विकलं जातं. २०२१ साली केंद्र सरकारने कोंबडी-खाद्यासाठी जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. तेव्हा "आम्ही असलं खात नाही" असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

कपाशीने आपल्याला आणखी एक धडा दिला. २००२ साली बीटी कपाशीला मान्यता मिळाली. सुरुवातीची काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूश झाला. बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावा, म्हणजे अळी सरावणार नाही, असं सांगितलं होतं. ते फार थोड्यांनी केलं. गुलाबी बोंडअळी सरावली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने मोठं नुकसान केलं. शिवाय हे बियाणं संकरित. घरची सरकी पेरून भागत नाही, दर साली पाकीट विकत घ्यावं लागतं.

वांग्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. शेंडा आणि फळं पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या मान्यता समितीने त्याला होकार दिला. त्यावर ओरड झाली. पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशभर जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक आपल्या राज्यात नागपूरला झाली. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१४ साली तोच हुकूम घातलेली वांगी शेतकऱ्यांना दिली. पण ती त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेच्या वाणांत होती आणि ते वाण सरळ होते, संकरित नव्हते. म्हणजे शेतकऱ्याला बी घरी धरता येतं. हुकूम एकच, पण शेतकऱ्याची अवस्था वेगळी. हा फरक आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

आता उसाकडे वळू. ब्राझीलने २०१७ साली खोडात शिरणाऱ्या अळीला दाद न देणाऱ्या बीटी उसाला मान्यता दिली. आपल्याकडे असा कुठलाही ऊस लागणीसाठी मंजूर झालेला नाही. समजा उद्या झाला. पांढऱ्या साखरेपुरतं बोलायचं तर रस तापवून, गाळून, त्याचे स्फटिक केल्यावर उरते ती निव्वळ शर्करा. त्यात हुकूम किंवा प्रथिन जवळजवळ राहतच नाही. गूळ, काकवी आणि रसवंतीचा रस यांची इतकी शुद्धी होत नाही, म्हणून त्यांची तपासणी वेगळी हवी. आणि बाजार केवळ प्रयोगशाळेचं ऐकत नाही. युरोपात जनुक बदललेल्या बीटाच्या साखरेवर, तिच्यात काहीही सापडत नसलं तरी, तसं छापावं लागतं. गिऱ्हाइकाने "कसल्या उसाची साखर?" असं विचारलं तर कारखान्याला खरं सांगता आलं पाहिजे. एकाच गव्हाणीत दोन्ही ऊस पडले तर ते सांगणार कसं?

याहून मोठी बाब बेण्याची. ऊस कांडीवर लागतो. आपण बेणे मळा धरतो, भावकीत बेणं देतो-घेतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पुन्हा लावण्याचा आणि देवघेवीचा हक्क दिलेला आहे. फक्त दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली ते विकता येत नाही. शिवाय लागण, खोडवा, निडवा धरला तर एकदा चुकीचा वाण निवडला की तीन-चार वर्षं तो रानात राहतो. भाजीसारखं पुढच्या महिन्यात मोडून टाकता येत नाही.

म्हणून आमचं मत असं. असल्या अन्नाला सरसकट विष म्हणू नये आणि कंपनीचा माणूस चकचकीत कागद घेऊन आला म्हणून लगेच अंगठाही देऊ नये. प्रत्येक नव्या वाणाला चार प्रश्न विचारावेत. एक, यात कोणता हुकूम घातलाय आणि कशासाठी? दोन, विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी त्याची तपासणी केली आहे का, आणि ती सर्वांना वाचायला मिळते का? तीन, पुढच्या सालचं बेणं कुणाचं, माझं की त्याचं? चार, खाणाऱ्याला हे सांगून विकणार की लपवून?

इंद्रायणी या चारही प्रश्नांना उतरला. सरकारी केंद्रातून आला, उघडपणे आला, बी घरात राहिलं आणि गिऱ्हाईक नाव विचारून घेऊ लागलं. मे २०२५ मध्ये केंद्राने परका हुकूम न घालता भाताच्या स्वतःच्याच जनुकात दुरुस्ती केलेले दोन वाण जाहीर केले आहेत. ते उद्या आपल्या खाचरापर्यंत आले तर त्यांनाही हेच चार प्रश्न विचारा. उत्तरं सरळ मिळाली तर आधी पाच-दहा गुंठ्यांत लावून पाहा. नाही मिळाली तर घरचं बी पेरा.

बैठकीतल्या त्या सभासदाला आमचं उत्तर एवढंच, की असा ऊस आलाच तर कारखान्याने तो वार्षिक सभेपुढे ठेवल्याशिवाय घेऊ नये. त्या सभेला आपण सगळ्यांनी यावं आणि विचारावं.